लांडगा आपला आपण गेला

माझी एकच कविता लोकांना पाठ आहे. ती कशी सुचली असं कुणी विचारलं, की मी आजवर विषय बदलत आलो. एकदा शाळेतल्या मुलांनीच विचारलं, तेव्हा खोकल्याची उबळ आल्याचं सोंग केलं आणि पाणी मागवलं. घरच्यांना वाटतं, मला मिरवायला आवडत नाही. तसं काही नाही, मिरवायला मला चांगलंच आवडतं. पण त्या कवितेत जे घडलं म्हणून लिहिलं आहे ते घडलेलं नाही. आणि जिच्यावर ती लिहिली, ती भर सभेत खरं काय ते सांगत होती, तेव्हा मीच तिच्या हातातला माइक घेतला. आता ती नाही. मीही पंचाहत्तरी ओलांडली आहे. आणखी टाळलं तर राहूनच जाईल.

ती माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. आमचं गाव पिशोरच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला. मी शिकायला शहरात आलो आणि शहराचाच झालो. वहिनी मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून त्याच शिवारात राबली. मी शहरात खोली करून राहत होतो, तेव्हा ती एसटीच्या कंडक्टरकडे भाकरीचं गाठोडं देई. त्या भाकरीवर मी शिकलो असं म्हटलं तर भाऊ चिडायचा, म्हणायचा की ज्वारी माझी होती. पण थापणारे हात वहिनीचे होते.

तिला वाचता येत नव्हतं. तरी माझी प्रत्येक कविता आधी तिच्या कानावर जायची, असा आमचा रिवाज होता. सुट्टीत गावी गेलो की ती शेंगा फोडत किंवा डाळ निवडत बसे आणि मी वाचे. आवडली तर गप्प राही. नाही आवडली तर म्हणे, "मीठ कमी हाय, भावजी." मी पुन्हा लिहायला बसे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात वहिनीच्या शब्दाला वजन होतं. एकदा शेजाऱ्याच्या ज्वारीत बैल शिरले. कुणाचे शिरले यावरून भांडण हातघाईवर आलं. वहिनी बांधावर उभी होती. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की बैल आमचे होते, आणि दावं नीट बांधलं नव्हतं तेही तिच्या नवऱ्यानंच. भाऊ दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पण तेव्हापासून विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून किंवा बांधावरून वाद झाला, की लोक म्हणायचे, तिला विचारा, ती घरच्याचीही भीड धरायची नाही. शेतावर तिचं नाव नव्हतं, अंगावर सोनं जेमतेम. तिच्याजवळ होता तो एवढा शब्दच.

आता माझ्याविषयी. मी शहरातल्या एका शाळेत मराठी शिकवली. मराठीच्या पुस्तकांत प्राणी फार असतात. कवितेतला माणूस रानात जातो, त्याला सिंह नाहीतर साप नाहीतर हरिण भेटतं, आणि कविता संपता संपता तो काहीतरी शिकून घरी येतो. प्राणी वाईट असेल तर माणसाच्या धाडसापुढे हरतो, चांगला असेल तर माणसाला लाजवतो. त्याचं स्वतःचं असं काही काम नसतंच. मी वर्षानुवर्षं फळ्यावर 'बोध' हा शब्द लिहून त्याखाली रेघ ओढत आलो. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "सर, पण हरणाला काय बोध मिळाला?" मी म्हणालो, "हरिण नापास झालं." वर्ग खो खो हसला. ती मुलगी हसली नाही, आणि मी तिला उत्तर दिलं नाही.

पुढं मी स्वतः लिहू लागलो तेव्हाही शेवटच्या दोन ओळींत बोध आल्याशिवाय माझी लेखणी थांबत नसे. भाजीत शेवटी कोथिंबीर टाकावी तसा तिकडं हात आपोआप जाई.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्याच वर्षीची गोष्ट. कांदे काढणी चालू होती. मी गावी गेलो तेव्हा वहिनी जरा उतरलेली वाटली. रात्रीची जेवणं झाल्यावर भाऊ अंगणात खाट टाकून घोरू लागला, तेव्हा तिनं मला ते सांगितलं.

चार दिवसांपूर्वी ती बाभळीखाली बसून कांद्याची पात कापत होती. हातात विळा. बाभळीच्या फांदीला झोळी, झोळीत तिच्या धाकट्या मुलाची तान्ही मुलगी झोपलेली. बाकीचे गोण्या भरलेला ट्रॅक्टर घेऊन घराकडे गेले होते. कोरड्या ओढ्यातून लांडगा वर आला आणि झोळीपासून बैलगाडीभर अंतरावर उभा राहिला.

"म्या उठाय गेले, तर पाय उठंनात," वहिनी म्हणाली. "वरडाय गेले तर तोंडातून आवाज निघंना. इळा हातात व्हता भावजी, पर हात माझा नव्हता. त्यानं झोळीकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. बरगड्या दिसत व्हत्या त्याच्या. लई येळ बघितलं. आन् गेला."

"गेला म्हणजे?"

"गेला. आपला आपण. आला तसा गेला."

तो गेल्यावर तिला कळलं की डाव्या हातातला कांदा तिनं पार चिरडून टाकला होता. रस कोपरापर्यंत आला होता. आणखीही एक गोष्ट तिनं सांगितली, ती मी लिहिणार नाही. ती फक्त मला सांगायची म्हणून सांगितली होती.

मी विचारलं, घरात कुणाला बोललात का? ती म्हणाली, लांडगा आल्याचं बोलले, पाय उठले नाहीत ते नाही बोलले. लेकराची आजी असून नुसती बसून राहिले, हे कोणत्या तोंडानं सांगू. मग जराशानं म्हणाली, "पर भावजी, त्यानं काय केलं नाय. त्याच्या मनात असतं तर केलं असतं. हे कुणाला सांगावं वाटतंय, पर कुणी ऐकून घेत नाय. समदे ह्येच इचारतात का तू काय केलं."

मी शहरात परत आलो आणि कविता लिहायला घेतली. पहिला खर्डा तिनं सांगितलं तसाच उतरला होता. कांद्याचा ढीग, बाभूळ, झोळी, लांडगा, आणि तो निघून गेला. पण वाचून पाहिलं तर शेवटी काही हाताला लागेना. मुलांना यातून काय सांगायचं? भिऊन बसून राहा? मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी मी कवितेतल्या आजीला उठवलं.

*उचलला विळा, धावली आजी, लांडगा पळाला रानी;*
*धीर जयाच्या अंगी, त्याच्या घरी संकट भरी पाणी.*

कविता एकदम उभी राहिली. ठेक्यात बसली, पाठ व्हायला सोपी झाली. शहरातल्या एका कविसंमेलनात वाचली तर लोकांनी पुन्हा म्हणायला लावली. पहिल्यांदाच एखादी कविता मी वहिनीला न ऐकवता बाहेर काढली होती. फोनवर कशी ऐकवायची, गावी गेल्यावर ऐकवू, असं मनाला सांगितलं. गावी गेलो तेव्हा कामं बरीच होती.

कविता माझ्याआधीच गावी पोचली. कुणीतरी मोबाइलवर पाठवली, आणि गावच्या शाळेनं ठरवलं की रस्त्याकडच्या भिंतीवर ती चित्रासह रंगवून घ्यायची. गावाला अभिमान वाटला, मलाही. भिंत रंगवायला पिशोरहून एक पेंटर आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा, माझ्याहून वयानं लहान, बोलका. त्यानं मला फोन करून विचारलं, "सर, लांडगा केवढा काढू? बारीक काढला तर आजीची शान कमी होती. शेरच्या साइजचा काढतो, चलेल ना?"

मी म्हणालो, चालेल.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर कार्यक्रम झाला. मुलींनी कविता हातवारे करून म्हटली. मागं भिंतीवर वासराएवढा लांडगा जबडा वासून उभा, आणि त्याच्यावर विळा उगारलेली, पदर खोचलेली बाई. वहिनी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसली होती. ती कविता तिनं आयुष्यात पहिल्यांदा तिथं ऐकली. मी व्यासपीठावर होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मी टाळ्या वाजवणाऱ्या पोरींकडं पाहिलं.

तिला साडी आणि नारळ दिला. सरपंचांनी माइक तिच्या हातात दिला आणि दोन शब्द बोला म्हणाले. ती कधी माइकवर बोललेली नव्हती. तो तिनं करवंटीसारखा दोन्ही हातांत धरला.

"म्या लांडगा हाणला नाय," ती म्हणाली. "म्या बसून व्हते. लांडगा आपला आपण गेला."

लोक हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानं हसले. कुणी तरी टाळी वाजवली. ती पुन्हा म्हणाली, "नाय, खरंच..." आणि तेवढ्यात मी उठलो, तिच्या हातातला माइक घेतला आणि म्हणालो, "मंडळी, खरे शूर असेच बोलतात. केलेलं सांगत नाहीत."

मैदानभर टाळ्या. माझ्या सगळ्या आयुष्यात एखाद्या वाक्याला इतक्या टाळ्या पडल्या नसतील.

घरी आल्यावर ती चुलीपुढं बसली, मी दाराशी. तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "भावजी, मी खोटं बोलते का?"

मी म्हणालो, तसं नाही वहिनी, कवितेत थोडं इकडचं तिकडं चालतं.

"मंग कवितेत तुमीच उचलायचा व्हता इळा," ती म्हणाली. "तुमचा हात जास्ती उठतो."

एवढंच. नंतर तिनं मला वाढलं, आणि भाकरीवर लोणी जास्तच घातलं. ती रागावली की असंच करायची.

पंधरवड्यात भावाचा फोन आला. गावातल्या काही तरण्या माणसांनी माळावर लांडग्याचं बीळ शोधून काढलं होतं. तोंडाशी पाचोळा पेटवून मिरच्यांचा धूर केला. म्हातारी एकटी भिडली, आपण काय बांगड्या भरल्या आहेत का, असं म्हणत गेले होते. बिळात मोठा लांडगा नव्हताच. पिल्लं होती.

मी विचारलं, वहिनी काय म्हणाली. भाऊ म्हणाला, काही नाही, जेवली नाही. आणि आता शाळेवरून जात नाही, दळणाला जायचं तरी मारुतीच्या मागून वळसा घालून जाते. पंचायतीनं दिलेली साडी तिनं फाडून गोधडीला लावली होती.

पण ज्यानं मला इतकी वर्षं झोपू दिलं नाही ते वेगळंच आहे, आणि ते मला फार उशिरा कळलं. सुरुवातीला वहिनी जो विचारेल त्याला सांगत राहिली की मी हाणला नाही. मग एका भांडणात भावकीतली एक बाई तिला म्हणाली, "तू हाणला नाय, तर मंग तुझा मास्तर दीर खोटारडा. त्यानं भिंतीवर खोटं लिवलंय." त्यावर वहिनी म्हणाली, "माझा दीर खोटं लिहीत नाय." आणि त्या दिवसापासून कुणी विचारलं, लांडगा तू हाणला का, तर ती म्हणू लागली, "व्हय."

नवऱ्याविरुद्ध साक्ष देणारी ती बाई. माझ्यासाठी खोटं बोलली, आणि वर्षानुवर्षं बोलत राहिली. आणि झालं असं की पुढं विहिरीच्या पाळीवरून वाद झाला तेव्हा तिनं कुणाची बाजू खरी ते सांगायला नकार दिला. "माझं काय ऐकता," म्हणाली. लोकांना वाटलं, म्हातारी झाली.

भाऊ गेला. मी गावी जात राहिलो, दिवाळीला, लग्नांना. वहिनी पहिल्यासारखीच वागायची. फक्त नवं काय लिहिलं असं तिनं मला पुन्हा विचारलं नाही, आणि मीही काही वाचून दाखवलं नाही. खरं तर त्यानंतर लिहिण्यासारखं फारसं काही सुचलंही नाही.

गेल्या वर्षी गावच्या शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंचा फोन आला. बाई नव्या, फुलंब्रीकडच्या, मोकळ्या बोलणाऱ्या. शाळेच्या भिंतीचा रंग उडाला आहे, तुमची कविता पुन्हा रंगवून घेतो, म्हणाल्या. शब्द तेच ठेवायचे ना?

मी म्हणालो, दोन दिवस द्या.

त्या दोन दिवसांत मी जुना खर्डा आठवून पुन्हा लिहिला. शेवटी उरल्या त्या ओळी अशा:

*तिनं पाहिलं. त्यानं पाहिलं.*
*बाभळीची सावली तेवढी सरकली.*
*मग तो गेला.*

मी स्वतः ती घेऊन गेलो. बाईंनी वाचली, कागद उलटून मागं काही आहे का पाहिलं. "सर, बोध?" मी म्हणालो, "नाही सुचला." त्या हसल्या. म्हणाल्या, पोरांवर सोडू या, खाली जागा रिकामी ठेवू.

पेंटर तोच. आता त्याला जाड चष्मा लागला होता. नवं काय काढायचं ते ऐकून तो म्हणाला, "सर, तवाच सांगायचं ना. बसलेली बाई काढायला आधा दिन लागतो. ती उगारलेली काढायला माझे दोन दिन गेले." मग चष्मा पुसत म्हणाला, "पर त्या वक्ताला मलाबी वाटलं होतं. विळा असा कोणी धरत नाही."

या खेपेला लांडगा कुत्र्याएवढा झाला. बरगड्या दिसणारा, एक पाय जरा उचललेला. बाई कांद्याच्या ढिगाशी बसलेली.

भिंत पुरी झाली त्या दिवशी नात वहिनीला घेऊन आली. झोळीतली ती मुलगी आता अकरावीला आहे, स्कूटी चालवते. वहिनी तिच्या मागं बसून आली, कितीतरी वर्षांनी शाळेच्या रस्त्यानं. नातीनं कविता वाचून दाखवली. वहिनी भिंतीजवळ गेली, लांडग्याच्या बरगड्यांवर तळहात ठेवला. रंग ओला होता, हाताला लागला. पेंटर 'अरे अरे' म्हणाला.

"असाच व्हता," ती म्हणाली. "असाच वाळला व्हता बिचारा. पर माझं नाक एवढं मोठं नाय."

पेंटर म्हणाला, "आजी, नाक बारीक करतो, पर लांडग्याला हात लावू नका." ती हसली. तोंडात दात उरले नव्हते, आणि सगळं तोंड हसलं.

मुलांनी रिकाम्या जागेवरून वाद घातला. बाईंनी विचारलं होतं, यातून काय शिकलात. एक म्हणाला, लांडगा चांगला असतो. दुसरा म्हणाला, चांगला नसतो, त्याचं पोट भरलेलं असेल. एक चिमुरडी म्हणाली, "तो त्याच्या घरी गेला." बाईंनी ते जसंच्या तसं खाली लिहून घेतलं. माझ्या आजवरच्या कुठल्याही शेवटापेक्षा तो मला पटला.

त्यानंतर काही महिन्यांनी माळावर लांडग्यांची जोडी पुन्हा दिसली, पिल्लांसह. गावातल्या पोरांनी मोबाइलवर चित्रण केलं. नातीनं मला ते पाठवलं आणि खाली लिहिलं की बीळ कुठं आहे ते आम्ही कुणाला सांगत नाही, तुम्हालापण नाही आजोबा. तिच्या आजीनं तो तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला म्हणे. मला वाटतं भिंतीमुळं काही फार बदललं असं नाही. पण एखादं पोर काठी उचलण्याआधी एकदा बघत असेल, तर तेवढंही पुष्कळ आहे.

तरी मी काय केलं ते मला माहीत आहे. मी शब्द बदलले. गावाला मी सांगितलं की कवीनं कवितेत दुरुस्ती केली. वहिनी पहिल्यापासून खरं सांगत होती आणि मी तिला गप्प केलं, हे नाही सांगितलं. तिलाही नाही.

भिंत पाहून आल्यावर आम्ही दोघंच ओट्यावर बसलो होतो. मी गाडीतच ठरवून आलो होतो. "वहिनी," म्हणालो. ती म्हणाली, "काय वो." मी म्हणालो, "त्या वेळी, सभेत..." तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं, मला खात्री आहे. ती वाट पाहत होती. मी म्हणालो, "त्या वेळी थंडी फार होती, नाही?"

"व्हय," ती म्हणाली. "च्या घ्या, गार व्हतोय."

मग एसटीची वेळ झाली. ती दारापर्यंत आली, भिंतीला धरून. म्हणाली, पुढच्या खेपेला काय तरी वाचून दाखवा, लई दिवस झाले. मी होकार दिला, पण पुढची खेप आली नाही. ती याच थंडीत गेली, झोपेतच, कुणाला तसदी न देता. आम्ही पोचेपर्यंत तिला नेलंही होतं.

म्हणून आता इथं लिहितो. ज्यांना ती कविता पाठ आहे त्यांनी शेवटच्या दोन ओळी विसरून जाव्यात. त्या मी रचल्या, तिनं त्यातलं काही केलं नाही आणि केल्याचा आव कधी आणला नाही. नंतर 'व्हय' म्हणाली ती माझी लाज राखायला.

आणि वहिनी, तुम्ही विचारलं होतं, मी खोटं बोलते का. नाही. तुम्ही खरं बोललात, सगळ्या गावासमोर, दोन्ही हातांनी माइक धरून. खोटं मी बोललो. तुमचा शब्द मी टाळ्यांसाठी खर्ची घातला, आणि तुम्ही तुमचा उरलेला शब्द माझ्यासाठी घातलात. त्या दिवशी मी माइक घ्यायला नको होता. माझं चुकलं, वहिनी. मला माफ करा.